मर्लो: एक बाटली, चार वाट्या आणि बाबांचा प्रश्न

हेडफोन लावलेत ना? आजचा एपिसोड वाइनवर, त्यातही एकाच द्राक्षावर: मर्लो. आधीच सांगतो, मी काही वाइनचा जाणकार नाही. बीटेक केलंय, दिवसभर कोड लिहितो.

तर झालं असं. मागे टीम डिनरला मी ऐटीत मर्लो मागवली आणि सोबत झणझणीत मटण. दोन घोटांत तोंडाची आग आग! वर मीच सगळ्यांना ठणकावून सांगितलं, "मर्लो बेकार असते." नंतर वाचलं तेव्हा कळलं, बग माझ्या ऑर्डरमध्ये होता. मिरचीतल्या कॅप्सेसिनची जळजळ अल्कोहोलने आणखी वाढते.

मर्लो मूळची फ्रान्समधल्या बोर्दोची. पोमरोल आणि सेंट एमिलियों ही तिची नावाजलेली गावं. कॅबर्ने सॉव्हिन्यॉपेक्षा ही द्राक्षं लवकर पिकतात आणि वाइन सहसा जास्त मऊ लागते, म्हणून नवशिक्यांना बरी. 'साइडवेज' या 2004 च्या सिनेमातला हिरो मर्लोच्या नावाने बोटं मोडतो. गंमत म्हणजे त्याने जिवापाड जपलेली 1961 ची शेव्हाल ब्लाँ, तिच्यातही मर्लो असतेच!

आता टेस्टिंग. लेबलवर 'रूम टेंपरेचर' वाचून फसू नका, ते आपल्या एप्रिलचं नाही. 15 ते 18 अंश हवं, म्हणून बाटली आधी फ्रिजमध्ये ठेवा. ग्लास एक तृतीयांशच भरा. आधी रंग बघा, मग ग्लास हळूच फिरवून वास घ्या, मग छोटा घोट घेऊन तोंडभर फिरवा. हिरड्या कोरड्या पडल्या? ते टॅनिन. लाळेतल्या प्रोटीनला ते चिकटतं, म्हणून तुरट लागतं.

हे सगळं मला घरी करून बघायचं होतं. पण आमच्या घरात बाटली ही साधी गोष्ट नाही. माझे काका दारूपायी गेले. मी बाटली दोन दिवस कपाटात, लॅपटॉपच्या बॅगेमागे लपवली. शेवटी लपवण्याचीच लाज वाटली आणि रविवारी ती सरळ टेबलावर ठेवली.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ह्यात आणि त्यात फरक काय रे?"

मी म्हणालो, "बाबा, अल्कोहोल दोन्हींत आहे. ह्यात साधारण तेरा-चौदा टक्के. वाइन आहे म्हणून ती निरुपद्रवी होत नाही."

"मग थांबायचं कुठे, ते कोण ठरवणार?"

मी मोजून एक ग्लास ओतला, बूच लावलं आणि बाटली आईकडे दिली. एवढंच उत्तर होतं माझ्याकडे.

मग चार वाट्या मांडल्या. एका वेळी एकच व्हेरिएबल बदलायचं आणि मध्ये पाणी प्यायचं. चीझ: तुरटपणा एकदम कमी, वाइन गुळगुळीत. लोण्या-लसणात परतलेली मशरूम: पहिला नंबर! मशरूमचा मातकट स्वाद मर्लोशी छान जुळतो. ठेचा: पुन्हा तीच आग. श्रीखंड: गोडाच्या मागोमाग वाइन आंबट आणि कडवट लागली.

म्हणजे सूत्र सोपं आहे. भाजलेलं चिकन, कमी तिखट मटण, मशरूम, चीझ यांच्यासोबत मर्लो चालते. जहाल तिखट आणि गोडधोड यांच्यासोबत नको.

मी वासात प्लम शोधत बसलो होतो. पुस्तकात तसंच लिहिलेलं असतं ना! बाबांनी ग्लास उचलला, नुसता हुंगला आणि म्हणाले, "जांभूळ आहे हे." मी घोट घेतला. खरंच की! तोच गडद वास आणि जीभ आखडवणारा तोच तुरटपणा. इतके दिवस मी परक्या फळाचा वास शोधत होतो.

बाबांनी घोट घेतला नाही, मीही आग्रह केला नाही. उरलेली बाटली दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये तेवढीच होती. ते त्यांनीही बघितलं असणार.

प्यायलात तर गाडी चालवू नका, आणि न पिणाऱ्याला 'एक घे रे' म्हणू नका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!