यकृत, अस्थी आणि आपली ज्ञाती
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आम्ही ना वैद्य, ना डॉक्टर. आमचे आयुष्य शाळेत मुलांना शिकविण्यात गेले. तरीही कार्यकारी मंडळाने आरोग्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. ती शिरसावंद्य मानून एका संशोधकाच्या कार्याचा परिचय करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

मुलांची हाडे मऊ पडून वाकतात, त्या रोगास आपण मुडदूस म्हणतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी स्टीनबॉक यांनी १९२४ साली दाखवून दिले की, अतिनील किरणांत धरलेल्या अन्नात हा रोग बरा करण्याची शक्ती येते. या शोधाच्या हक्काचे उत्पन्न त्यांनी स्वतःकडे न ठेवता विद्यापीठातील संशोधनास लावले. त्यासाठी १९२५ साली एक स्वतंत्र न्यास स्थापन झाला. याच गुरूचे शिष्य हेक्टर डिलुका.

ड जीवनसत्त्व शरीरात जसेच्या तसे कार्य करते, असा पूर्वी समज होता. डिलुका यांचे त्याने समाधान झाले नाही. १९६८ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या रक्तातून या जीवनसत्त्वाचे एक बदललेले रूप वेगळे काढले. पुढील वर्षी त्यांच्या प्रयोगांतून असे दिसले की, हा बदल मुख्यतः यकृतात घडतो. १९७० साली केंब्रिज येथील फ्रेझर व कोडिचेक यांनी दुसरा बदल मूत्रपिंडात होतो हे सिद्ध केले आणि १९७१ साली त्या अंतिम रूपाची रचना उलगडली. शेतातले जोंधळे कोणी तसेच खात नाही. ते दळावे लागतात, मग त्यांची भाकरी होते. त्वचा हे शेत, यकृत हे जाते आणि मूत्रपिंड ही चूल, असे म्हटल्यास सर्वांस समजेल. आज रक्त तपासून ड जीवनसत्त्व मोजतात, ते या यकृतातून निघालेल्या रूपाचेच.

यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. यकृताचा जुना विकार केवळ पोटापुरता राहत नाही. पित्ताचा मार्ग अडला तर स्निग्ध पदार्थांबरोबर शोषली जाणारी अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे अंगी लागत नाहीत. हाडांच्या वाढीस उपकारक असे एक द्रव्य यकृतच तयार करते, तेही उणे पडते. म्हणून अशा रुग्णाची हाडे ठिसूळ होतात आणि किरकोळ पडण्यानेही मोडतात. घरातील वृद्धेची कंबर दुखू लागली की ‘वय झाले’ म्हणून आपण मोकळे होतो. तिच्या यकृताचा जुना आजार डॉक्टरांच्या कानी घालीत नाही.

आता मन कठोर करून एक बोलतो. ज्ञातीत कोणास यकृताचा रोग झाला की, ‘पीत असेल’ अशी कुजबुज सुरू होते. मुलीबाळींची लग्ने अडतील या भयाने कुटुंब आजार लपविते आणि उपचाराची वेळ टळून जाते. मद्य हा यकृताचा शत्रू आहे, यात शंका नाही. परंतु १९८० साली मेयो क्लिनिकमधील लुडविग व सहकारी यांनी वीस रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मद्यपानाने होणारी विकृतीच त्यांच्या यकृतात आढळली होती, आणि ते मद्यपी नव्हते! स्थूलता व मधुमेह यांच्याशी या मेदयुक्त यकृताचे निकटचे नाते आहे. तेव्हा निर्व्यसनी माणसास दूषण देणे हा अन्याय होय. आणि जो खरोखर व्यसनी आहे, त्यासही औषधाची गरज आहेच.

म्हणून आमची विनंती इतकीच: रोज चालावे, गोडधोड व तळलेले आवरावे, अंगावर ऊन घ्यावे. ऊन विपुल असलेल्या आपल्या देशातही ड जीवनसत्त्वाची उणीव सर्रास आढळते. मात्र त्याच्या गोळ्या मनानेच घेऊ नयेत; अतिरेकाने रक्तात कॅल्शियम वाढून अपाय होतो. मंडळाने आपल्या शिष्यवृत्तीशेजारी रुग्णसाह्याचाही एक निधी उभारावा. आजार लपविण्याची पाळी ज्ञातीतील कोणत्याही घरावर येऊ नये, हीच परमेश्वरचरणी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.