माझे हात असले हायेत का?

(वस्तीतल्या समाजमंदिरात तरुणांपुढं केलेलं भाषण)



मला चित्रकलेवर बोलायला उभं केलंय. मघाशी मागून कुणीतरी म्हणालं, नोकरीचं बोला, घरांचं बोला, चित्रं काय घेऊन बसलात? रास्त आहे. पोटात आग असताना रंगपेटी कुणाला सुचते? तरी बोलतो. कारण चित्र ही दिवाणखानेवाल्यांची चीज आहे, हे आपल्या डोक्यात कुणी भरवलं ते एकदा बघितलं पाहिजे.

शाळेत चित्रकलेच्या तासाला मी दाराबाहेर उभा असायचो. रंगपेटी नव्हती. सामान नाही तर बाहेर, असा कायदा. तेव्हाच मनानं घेतलं, हे सामानवाल्यांचं काम.

आणि घरी बाप काय करत होता? गिऱ्हाइकाचा पाय कागदावर ठेवायचा, पेन्सिल उभी धरायची आणि पायाभोवती फिरवायची. टाच, चवडा, अंगठ्याजवळ वर आलेलं हाड, सगळं एका रेघेत. रेघ चुकली की चप्पल चावणार. बाह्यरेषा म्हणून आर्ट स्कूलात जे गिरवून घेतात, ते माझा बाप फुटपाथवर बसून करत होता. त्याला कलावंत कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

१४ एप्रिलला आपली पोरं भिंतीवर बाबासाहेब कसे काढतात? फोटोवर चौकोन पाडतात, भिंतीवर तेवढेच पण मोठे चौकोन पाडतात आणि एकेका चौकोनातली रेघ तिकडं नेतात. मोठमोठ्या चित्रकारांनी हीच रीत वापरली. खुद्द बाबासाहेबांनी उतारवयात चित्रकलेचे धडे घेतले होते. घटना लिहिणाऱ्या माणसाला कुंचला धरावासा वाटला. मग आपल्याला लाज कसली?

आता माझी फजिती सांगतो. मोठेपणी पहिल्यांदा आईचं चित्र काढलं, लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर. आई समोर भाकरी थापत होती. झाल्यावर मोठ्या ऐटीत दाखवलं. तिनं चष्मा लावला, बराच वेळ बघितलं, म्हणाली, "ही कोन बया? माझे हात असले हायेत का?"

बघतो तर गोरे, निमुळते, लोण्यासारखे हात. डोळे पार कानापर्यंत. मी आईला काढलंच नव्हतं, कॅलेंडरातली लक्ष्मी काढली होती. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि तसल्या देव्या घराघरांत गेल्या. पुढं कॅलेंडरवाल्यांनी तोच चेहरा गिरवला. तो आमच्या खोपटातही खिळ्याला लटकत होता आणि तिथून माझ्या बोटांत उतरला होता. आई दोन हातांवर बसलेली, तरी मला दिसली नाही. व्यवस्था डोळ्यांत घुसते ती अशी.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. कागदाकडं कमी, तिच्या हाताकडं जास्त बघितलं. थापताना अंगठा कुठं वळतो, नखात पीठ कसं बसतं, मनगटावरचं गोंदण कुठं पुसट झालंय. चार हात बिघडले. पाचवा बघून आई म्हणाली, "हां, ह्यो माजा." दोन तास कुठं गेले कळलं नाही. असली मजा आपल्या वाट्याला का नसावी?

सामान घरचंच. पत्र्याच्या डब्यात वाळलेल्या काड्या दाटून भरा, झाकणाला खिळ्यानं भोक पाडा, डबा निखाऱ्यात ठेवा. भोकातला धूर थांबला की बाहेर काढा. गार होईस्तोवर उघडू नका, नाहीतर हवा लागून काड्यांची राख होईल. दुकानात चारकोल म्हणून विकतात तो हाच. कागद रद्दीचा चालतो.

आणि दिसतं ते काढा. डोळे डोक्याच्या मध्यावर असतात, आपण ते कपाळात चढवतो. हंड्याचं तोंड गोल आहे हे माहीत असतं, म्हणून गोल काढतो. बाजूनं बघा, ते चपटं दिसतं. ऐकीव सोडा, डोळ्यावर विश्वास ठेवा.

माझ्या आजीचा एकही फोटो नाही. तिला काढायला बसलो तर नाक आठवेना. वाड्यावाड्यांत पूर्वजांच्या तसबिरी आहेत, आपल्या भिंतीवर ती जागा रिकामी आहे. तुम्ही म्हणाल, आता मोबाइल आहे. आहे. पण फोटो चुटकीसरशी निघतो, चित्राला तासभर बघावं लागतं. राबून आलेल्या आपल्या माणसाकडं तासभर कुणी बघितलंय?

आज घरी जा. दमून टेकलेल्या बापाचे पाय काढा. बिघडलं तर उद्या परत काढा. पुढच्या रविवारी कागद घेऊन या, बिघडलेले सुद्धा. ह्याच भिंतीवर लावू.

जय भीम!