तान्ह्या लेकराचा गुरू कोण?



आज आपण लेकरांच्या शिक्षणाविषयी बोलू. शाळेत जाणाऱ्या नव्हे, तर रांगणाऱ्या, दुडुदुडु धावणाऱ्या लेकरांविषयी.

आम्ही नागपुरात मनीषनगरला राहतो. जन्मभर मास्तरकी केली. शेवटी हेडमास्तर होऊन घरी बसलो. मुलगा आणि सून दोघेही नोकरीला जातात. दीड वर्षाचा नातू दिवसभर आमच्यापाशी असे. त्याला शिकवायला म्हणून आम्ही एक खेळाचे यंत्र आणले. पाटीएवढी काच. काचेवर आंबा दिसतो. बोट लावले की यंत्र आंब्याचे नाव घेते. पुढे टाळ्या वाजतात. आम्हाला वाटले, वा! घरातच शाळा झाली. नातू काच बघत बसे, आम्ही पेपर वाचत बसू.

उन्हाळ्यात घरी आंबे आले. आम्ही एक आंबा नातवाच्या हाती दिला. त्याने वास घेतला नाही की चावा घेतला नाही. आंबा खाली ठेवला, त्यावर बोट आपटले आणि वाट पाहत बसला. आंबा काही बोलेना. मग पोर रडू लागले.

आम्ही चपापलो. या वयाचे मूल बोबडे का होईना, आई-बाबा म्हणते. हा काहीच बोलत नव्हता. इतके दिवस ते आमच्या ध्यानातच आले नव्हते.

आमच्याकडे धुणीभांडी करायला एक ताई येतात. त्यांची पोरगी नातवाच्याच वयाची. त्याच आठवड्यात त्यांनी विचारले, "गुरुजी, हे मशीन केवढ्याले भेटते? पैसे जमवून राहिली मी. माही पोरगी मागं नाही राहाले पाहिजे."

आम्ही म्हटले, "तुमची पोरगी बोलते काय?"

"बोलते म्हंजे! तोंडच बंद नाही राहत. मी पोळ्या करते तं तिले बी गोळा पाहिजे. 'माय, पोई, माय, पोई' करते."

आम्ही उत्तर दिले, "ताई, घाई करू नका. आम्ही चौकशी करून सांगतो."

चौकशीत जे कळले ते तुम्हालाही सांगतो. असली यंत्रे काही कालची नाहीत. हाँगकाँगच्या व्हीटेक कंपनीने २००६ साली 'व्ही-स्माइल बेबी' नावाचे यंत्र काढले. ९ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. ते टीव्हीला जोडायचे. मोठी रंगीत बटणे दाबली की पडद्यावर चित्रे हलत, गाणी वाजत. आता तसले खेळ मोबाइलवर आले आहेत.

पण तान्हे लेकरू त्यातून शिकते काय? अमेरिकेत पॅट्रिशिया कूल या विदुषीने एक प्रयोग केला. तो २००३ साली छापून आला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली ९ महिन्यांची बाळे घेतली. काही बाळांशी चिनी बोलणारी माणसे समोर बसून १२ वेळा बोलली, खेळली. दुसऱ्या बाळांना तसेच चिनी बोलणे टीव्हीवर दाखवले. पहिल्या बाळांना चिनी भाषेतले आवाज ओळखता येऊ लागले. टीव्हीवाल्या बाळांना काही म्हणता काही आले नाही.

असे का? लेकरू हसले तर माय हसते. लेकराने चिमणीकडे बोट केले तर माय म्हणते, "चिऊ!" लेकरू ज्याकडे पाहते, त्याचेच नाव माय घेते. यंत्र मात्र आपलेच घोडे दामटते. शिवाय काचेवरच्या आंब्याला ना वास, ना वजन, ना रस.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले, दोन वर्षे पुरी होईपर्यंत पडदा नकोच. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला १ तासापेक्षा जास्त नको. कमी तितका बरा.

आपल्याकडे ही वाट ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी केव्हाच दाखवली. १९४५ साली बोर्डी गावी त्यांनी बालवाडीचे काम सुरू केले. महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांनी शंखशिंपले, पाने, बिया आणि माती घेतली. गरिबांची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे १९७५ साली सरकारची अंगणवाडी योजना निघाली.

बायांनो, तुम्ही म्हणाल, कामाच्या धबडग्यात वेळ कुठला? अहो, वेगळा वेळ लागतच नाही. भांडी घासताना वाटी-चमचा हाती द्या, नाव सांगा. न्हाऊ घालताना "हात दे, पाय दे" म्हणा. दादांनो, तुम्हीही संध्याकाळी लेकराला खांद्यावर घ्या, गाय-वासरू दाखवा. चिंचोके, मणी मात्र देऊ नका. घशात अडकतात. बाप परगावी असेल तर मोबाइलवर त्याचे तोंड जरूर दाखवा. पलीकडे उत्तर देणारे माणूस असते.

आणि एक. लेकरू हाकेला वळत नसेल, वय होऊनही बोलत नसेल, तर मोबाइलला दोष देत घरी बसू नका. अंगणवाडीताईंना सांगा. दवाखान्यात कान तपासून घ्या.

आम्हीही नातवाचे कान तपासले. ते ठीक निघाले. यंत्र कपाटात गेले. पेपर रात्री वाचू लागलो. दिवसभर नातवाशी बोलू लागलो. दोन महिन्यांनी आम्ही त्याला रेल्वे रुळाकडे फिरायला नेले. आगगाडी धडधडत गेली. नातू बोट दाखवून म्हणाला, "गाई गेई!" आमचे डोळे भरून आले.

ताईंनी यंत्र घेतले नाही. जमवलेले पैसे पोरीच्या नावाने पोस्टात टाकले. ती शाळेत जाईल तेव्हा उपयोगी पडतील.