चिंबोरी आणि कायदा
(संघाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कायदा हा कोर्टकचेरीचा विषय. आपला संबंध पगोळीशी आणि ओहोटीशी, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत आहे. ती आता महाग पडू लागली आहे. म्हणून चिंबोरीपुरते चार नियम आपल्यापुढे मांडण्याचे योजिले आहे.

पहिला नियम काळाचा. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलैपर्यंत यंत्रनौकांना समुद्रात मासेमारी मना आहे. बिनयंत्राच्या पारंपरिक होडीस ही बंदी नाही. तेव्हा खाडीत पगोळी टाकणाऱ्याने विनाकारण भिऊ नये.

दुसरा साधनाचा. पाण्यात सुरुंग उडवून अगर विष कालवून मासळी मारणे १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. तिवरांच्या तोडीसही मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली मनाई केली. तिवर हे काळ्या चिंबोरीचे घर. ते मोडले तर पगोळीत काय येणार?

तिसरा आकाराचा. २०२३ साली राज्य शासनाने ५४ जातींच्या सागरी जलचरांसाठी किमान आकार ठरविला. आपण धरतो ती चिंबोरी या यादीत कोठे बसते, हे मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यास प्रत्येकाने विचारून घ्यावे.

चौथा विक्रीचा. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा स्वतः मासळी धरणाऱ्यास लागू नाही. परंतु दुसऱ्याचा माल घेऊन विकणाऱ्यास नोंदणी हवी. रस्त्यावर टोपली मांडणाऱ्या भगिनींना २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने संरक्षण दिले आहे. विक्रीचे प्रमाणपत्र मिळवा. मग कोणी उठविण्यास आला तर हात जोडू नका, कागद दाखवा.

आता एक नियम असा, की तो पाळण्यास कायद्याची वाट पाहू नये. पोटाखाली अंड्यांचा घोस घेतलेली मादी पगोळीत आली, तर माझी आजी ती पाण्यात सोडी. घरात चूल थंड असली तरी सोडी. त्या एका घोसात लाखो अंडी असतात, हे शास्त्र तिला ठाऊक नव्हते; पुढच्या वर्षाची चूल मात्र तिला दिसत होती. आज व्यापारी बोटभर पिल्लांनाही भाव देतो आणि आपण ती देतो. त्याला दुसरी खाडी आहे, दुसरा धंदा आहे. आपल्याला हीच एक खाडी आहे.

कायदा जाणावा हक्कासाठी, पाळावा लेकरांसाठी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.