आईचे ताट आणि बाळाची जनुके

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये जवळच्या सहा गावांतील स्त्रियांची गर्भारपणापूर्वीपासून पाहणी आरंभली. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन अवघे २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५, पण या कृश देहांत चरबी मात्र त्या मानाने टिकून होती! गर्भारपणी ज्या मातांमध्ये फोलेट विपुल आणि बी-१२ अल्प होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिन-प्रतिरोध अधिक आढळला. जनुक बोलके राहावे की मूक, हे ठरविणाऱ्या मिथाइल-खुणा उमटण्यास ही दोन्ही जीवनसत्त्वे लागतात. फोलेट पालेभाजीत मिळते, बी-१२ नाही. शाकाहारी घरात ते यायचे दूध-दह्यातूनच. आणि सुनेच्या वाटीत दही बहुधा सर्वांत शेवटी पडते.