डोक्यावरचा भार आणि कानातला सूर



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘उंची हेडफोनांची पारख’ हा विषय वाचून छापखान्याने दोन वक्त्यांच्या ओळी एकमेकींत मिसळल्या, असे पुष्कळांना वाटले असेल. कामगार संघटनेच्या माणसाने महागाईभत्त्यावर बोलावे, फार तर नव्या श्रमसंहितांवर बोलावे. ज्या वस्तूची उत्तम जोडी लाखाच्या घरात जाते, तिच्याशी त्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो जुना आहे. हेडफोन ही वस्तू मुळात हौशी माणसासाठी निघालीच नाही. ती निघाली कामावरच्या माणसासाठी.

अमेरिकेत युटा प्रांतात नॅथॅनिएल बाल्डविन नावाचा एक खटपट्या गृहस्थ होता. १९१० साली त्याने आपल्या स्वयंपाकघरात दोन्ही कानांवर बसणारे श्रवणयंत्र तयार केले आणि अमेरिकन आरमाराकडे तपासणीसाठी पाठविले. बिनतारी संदेश ऐकणाऱ्या खलाशांच्या कामास ते इतके उतरले की आरमाराने मागणी नोंदविली. पुढली कित्येक वर्षे हे यंत्र डोक्यावर चढविणारे लोक म्हणजे तारायंत्रवाले, टेलिफोनवर जोडण्या करणाऱ्या मुली आणि वैमानिक. १९५८ साली मिलवॉकीच्या जॉन कॉस याने संगीत ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन बाजारात आणला, आणि १९६८ साली जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने पिवळ्या स्पंजाचा, मागून उघडा असा हलका हेडफोन काढला, तेव्हा कुठे ही वस्तू दिवाणखान्यात रुळली. म्हणजे आधी पाळीवाला, मग रसिक. आज मात्र पारख होते ती रसिकाच्या खोलीत. जो आठ तास तो घालून बसतो, त्याला कोणी विचारत नाही.

माझ्याविषयी एवढेच सांगतो, की मी संगीतज्ञ नव्हे आणि इंजिनियरही नव्हे. माझे शिक्षण सूतगिरणीच्या रात्रपाळीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. चात्यांच्या आवाजात अकरा वर्षे काढल्यामुळे कानाच्या तपासणीत चार हजार कंपनांच्या आसपास माझ्या आलेखाला खड्डा पडलेला दिसतो. आवाजाने झिजलेल्या कानाची ती ठरलेली खूण आहे. तेव्हा एकट्याच्या कानावर विसंबून मी बोलत नाही. गावात ध्वनिमुद्रणाचा छोटा व्यवसाय करणाऱ्या एका तरुण मित्राने पाच जोड्या आमच्या कार्यालयात महिनाभर ठेवू दिल्या. ऐकायला आम्ही चौघे होतो: मी, तबला शिकणारी एक विद्यार्थिनी, जाड भिंगांचा चष्मा लावणारे आमचे हिशेबनीस, आणि टेलिफोनवर ग्राहकांच्या तक्रारी ऐकण्याची नोकरी करणारी एक मुलगी.

पाच जोड्या कोणत्या ते सांगितले पाहिजे. पहिली सेनहायझरची एचडी ६००, १९९७ पासूनची, वजन सुमारे २६० ग्रॅम. दुसरी त्याच घरची एचडी ८००, २००९ सालची, ३३० ग्रॅम. तिसरी ऑडीझ या अमेरिकन कंपनीची एलसीडी-२, अर्ध्या किलोहून जड. चौथी बायरडायनॅमिकची डीटी ७७०, सुमारे २७० ग्रॅम, आणि पाचवी सोनीची बिनतारी, बाहेरचा गोंगाट मारणारी डब्ल्यूएच-१०००एक्सएम४, २५४ ग्रॅम. पहिल्या तीन मागून उघड्या, शेवटच्या दोन बंद. यांतल्या बहुतेकांत लहानशा पडद्याला तारेचे वेटोळे चिकटविलेले असते व ते चुंबकाजवळ हलते. आपल्या सभेतल्या कर्ण्यातही तेच तत्त्व असते. एलसीडी-२ मध्ये मात्र पडद्यावरच वीजवाहक रेषा पसरलेल्या असून त्याच्या बाजूला चुंबकांची रांग असते. म्हणून तिचा पडदा सर्वांगाने एकदम हलतो, आणि म्हणूनच ती जड.

ऐकण्याआधी एक काळजी घ्यावी लागते. ती न घेतल्यामुळे निम्मी दुकानदारी चालते. दोन जोड्यांत एक किंचितही मोठ्याने वाजत असली, तर माणसाला तीच सरस वाटते. ध्वनी तोच, फक्त जोर जास्त. म्हणून मापकाने पाचही सारख्या आवाजावर आणल्या, मगच तुलना केली. त्यातही एचडी ६०० व एचडी ८०० यांचा रोध ३०० ओहम आहे. नुसत्या मोबाईलला जोडल्या की त्या मलूल वाजतात आणि बिचाऱ्यांची फुकट बदनामी होते. त्यांना वेगळा वर्धक द्यावा लागतो.

ऐकायला काय घ्यावे, यावर आमचा बराच खल झाला. परदेशी पारखी पियानो आणि जाझ यांवर पारख करतात. ती त्यांची भाषा आहे. आम्ही चार गोष्टी ठरविल्या: नुसता तंबोरा, खंजिरी भजन, वसंतराव देशपांडे यांचे गाणे, आणि टेलिफोनवरचे साधे बोलणे.

तंबोऱ्यासारखी कसोटी नाही. जवारी नीट लागलेली असली की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप डोकावतो. तो कोणी छेडलेला नसतो. एचडी ६०० वर तो गंधार जिथल्या तिथे, न मागता ऐकू आला. एलसीडी-२ वर खर्ज इतका भरीव की छातीशी तंबोरा धरल्यासारखे वाटावे, पण गंधार थोडा मागे बसलेला. डीटी ७७० ने खाली भर घातली, वर धार घातली आणि मधला भाग पातळ केला. कर्णफुले आणि पैंजण भारी, अंगावर लुगडे मात्र विरलेले, असा तो प्रकार.

खंजिरी तर आपल्या घरची. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी यावली आणि मोझरीच्या या मातीतून ती साऱ्या देशात वाजविली. खंजिरीची थाप क्षणात पडते आणि झांजांची किणकिण तिच्यामागून विरत जाते. हेडफोन आळशी असला तर दोन्हींचा चिखल होतो. एचडी ८०० वर थाप, झांज, गाणारा आणि मागचे साथीदार असे सारे आपापल्या जागी बसलेले दिसले. ‘दिसले’ हा शब्द मी जाणून वापरतो. इतका ऐसपैस मांडव दुसऱ्या कोणत्याही जोडीने घातला नाही. परंतु आमची तबल्याची विद्यार्थिनी दहाव्या मिनिटाला कपाळाला आठी घालून म्हणाली, “काका, झांज टोचते.” मला टोचली नाही. ज्या पट्टीत ती टोचत होती, तिथे माझ्या कानात अगोदरच अंधार आहे. एकच वस्तू एकाला उजळ आणि दुसऱ्याला बोचरी वाटते ती अशी. तेव्हा कोणी पारखी काही सांगू लागला, तर त्याचे वय आणि त्याने आयुष्यभर केलेले काम आधी विचारावे.

वसंतराव आपल्या मूर्तिजापूरचे, जन्म १९२०. उमेदीची पुष्कळ वर्षे त्यांनी लष्करी हिशेब खात्यात कारकुनी केली. दिवसा खतावणी आणि रात्री गाणे. त्यांची तान वीज पडावी तशी येते, आणि तीत प्रत्येक स्वर सुटा असतो. या कसोटीला एचडी ६०० आणि एलसीडी-२ दोन्ही उतरल्या. सोनीच्या जोडीत खालचा भाग फुगलेला असल्याने तबल्याचा बायाँ तानेवर चढून बसला. जुन्या मुद्रणांविषयी एक उलटी गोष्ट सांगतो: जी जोडी जितकी चिकित्सक, तितकी तिच्यावर तबकडीची खरखर जास्त. जुनी मुद्रणे प्रेमाने ऐकणाऱ्याने एचडी ८०० च्या नादी लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता सुखाकडे वळतो. पारखी लोक यासाठी शेवटची दोन वाक्ये राखून ठेवतात. मला हीच बाजू मुख्य वाटते. सूर पहिल्या पाच मिनिटांत कळतो, भार तिसऱ्या तासाला कळतो. एलसीडी-२ ऐकताना आमचे हिशेबनीस डोळे मिटून डोलत होते. तासाभराने मान चोळीत उठले. अर्धा किलो म्हणजे काही फार नव्हे, पण तो माथ्यावर, मानेच्या वर असतो. नव्या एचडी ६०० ची पकड चिमट्यासारखी असते, ती महिन्या-दोन महिन्यांनी सैलावते. चष्म्याच्या काडीने गादी उचलली जाते, तिथून फट पडते आणि बंद जोडीतला खर्ज त्या फटीतून निसटतो. डीटी ७७० चे असेच झाले. हिशेबनीसांनी चष्मा काढला की सूर भरे, चष्मा लावला की सूर गळे. आणि माताभगिनींची गोष्ट तर या पारख्यांच्या गावीच नाही. कानात कुडी किंवा टॉप्स असले, तर कानावर दाबणारी गादी अर्ध्या तासात नको होते. कानाला वेढून बसणारी, आतून खोल अशीच लागते. अंबाडा घालणाऱ्या बाईला वरची पट्टी कुठे ठेवावी हा प्रश्न पडतो. या कसोटीला एचडी ८०० पहिली आली. तिच्या वाट्या एवढ्या ऐसपैस की कान आत मोकळा राहतो.

पण वऱ्हाडचा उन्हाळा या सगळ्या गुणपत्रिकेवर पाणी ओततो. अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो तेव्हा बंद जोडी, त्यातून चामड्यासारख्या रेक्झिनच्या गादीची, म्हणजे कानाला बांधलेला शेक. आमच्याकडे आलेल्या एका हमालबंधूने सोनीची जोडी चढविली, दोन गाणी ऐकली आणि उतरवून ठेवली. म्हणाला, “भाऊ, आवाज त लय गोड आहे, पन कान शिजून रायले.” डीटी ७७० ची गादी मखमली, तिने थोडे निभावले. मग उघड्या जोड्या घ्याव्यात? त्यांत हवा खेळते खरी, पण हवेबरोबर आवाजही खेळतो. खिडकीतला पत्र्याचा कूलर सुरू केला की एचडी ६०० आणि एचडी ८०० यांचा सारा नाजूकपणा त्याच्या घरघरीत बुडाला. तंबोऱ्याचा गंधार गेला तो गेलाच. जर्मनीच्या शांत, थंड खोलीत लागलेला निकाल अमरावतीच्या मे महिन्यात लागू पडत नाही. इथे कूलर बंद करून घामात ऐकावे, किंवा कूलर चालू ठेवून सोनीची जोडी घालावी.

सोनीची कशासाठी, तर गोंगाट मारण्याच्या युक्तीसाठी. बाहेरचा आवाज सूक्ष्मध्वनिग्राहकाने टिपायचा आणि त्याची नेमकी उलटी लाट कानात सोडायची, की दोन्ही एकमेकींना खातात. अमर बोस यांना विमानप्रवासात ही कल्पना १९७८ साली सुचली. त्यांचे वडील बंगालमधून इंग्रजांच्या ससेमिऱ्यामुळे अमेरिकेत गेलेले क्रांतिकारक. अमर बोस यांच्या कंपनीचे वैमानिकांसाठीचे यंत्र १९८९ साली विक्रीला आले. ही युक्ती एकसुरी, खालच्या घरघरीवर उत्तम चालते. कूलर, मोटार, विमान. माणसाच्या बोलण्यावर किंवा भांडे पडल्यावर ती फारशी चालत नाही. म्हणून जिनिंगच्या शेडमध्ये कोणी कानाच्या संरक्षणासाठी ही घालू नये; त्या कामाचे कर्णरक्षक वेगळे असतात.

या युक्तीचा खरा फायदा वेगळाच आहे. कूलर चालू असताना विद्यार्थिनीला उघड्या जोडीचा आवाज पुष्कळ चढवावा लागला, सोनीचा पहिल्याच्या जवळपास ठेवता आला. ज्या जोडीवर आवाज कमी ठेवूनही सर्व ऐकू येते, ती जोडी कान राखते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१८ साली ठरविलेल्या मापानुसार प्रौढ श्रोत्याला आठवड्यात ४० तास ८० डेसिबल, हे सुरक्षित. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून ९० डेसिबलला हा वेळ आठवड्याला ४ तासांवर येतो. आता दुसरे माप पाहा. आपल्या देशातील कारखाना-नियमांनी कामगाराला ९० डेसिबलमध्ये दिवसाला ८ तास उभे राहू दिले. सहा दिवसांचे ४८ होतात. हौसेने ऐकणाऱ्याला ४ तास, पोटासाठी ऐकणाऱ्याला ४८. आवाजाने येणारे बहिरेपण कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टात रोग म्हणून नोंदले गेले. नोंद झाली, पण ती नोंद आपल्या भागात कितीदा वापरली गेली, हे कोणत्याही गिरणीच्या फाटकावर उभे राहून विचारावे.

टेलिफोनवाल्या मुलीचे सांगून थांबतो. कामावर तिला मिळतो तो हेडफोन स्वस्तातला, कानावर दाबणारा, आणि तीन पाळ्यांत तीन मुलींत एक. स्पंज फाटलेला, दुसरीच्या घामाने ओला. शेजारी शंभर जणी बोलत असतात, म्हणून ती आवाज वर चढविते. आमच्याकडे पाचही जोड्या ऐकून तिने निवड केली ती एचडी ६०० ची. कारण विचारले तर म्हणाली, हिच्यात माणूस ओरडत असला तरी माणसासारखा ऐकू येतो. उघडी जोडी तिच्या दालनात निरुपयोगी, हे तिलाही ठाऊक. म्हणून संघटनेने मागणीपत्रात लाखाची वस्तू मागितलेली नाही. प्रत्येकीची स्वतःची जोडी, कानाला वेढणारी. सहा महिन्यांनी नवी गादी. अचानक येणारी किंकाळी दाबणारा अटकाव. वर्षातून एकदा कानाची तपासणी, आणि तिचा कागद तिच्या हाती. गादीची किंमत एका दिवसाच्या रोजापेक्षा कमी आहे. बोलणी चालू आहेत.

त्या पाचही जोड्या माझ्या मित्राने आज इथे आणल्या आहेत. व्यासपीठाच्या डाव्या बाजूला टेबलावर वर्धकाला जोडून ठेवल्या आहेत. तंबोरा आणि खंजिरी दोन्ही भरलेले आहेत. ज्यांना ऐकायचे आहे त्यांनी रांगेने यावे. चष्मेवाल्यांनी चष्मा काढू नये, आणि कोणीही आवाजाच्या खुंटीला हात लावू नये. ती मोजून लावलेली आहे.