नव्या लॅपटॉपची आवृत्ति

अहिल्यानगर जिल्ह्याच्या श्रीगोंदा तालुक्यांतील काष्टी या गांवीं दर शनिवारीं जनावरांचा मोठा बाजार भरतो. बैल घ्यावयास आलेला जाणता शेतकरी आधीं त्याचा जबडा उघडून दात पाहतो. दोनदाती, चारदाती कीं जुळलेला, हें समजल्यावांचून तो भावाची गोष्ट काढीत नाहीं. मग खूर पाहतो, चालवून पाहतो, शिंगांना रंग कोणत्या हेतूनें लावला असेल याचाही मनाशीं विचार करतो. पण याच शेतकऱ्याची मुलगी बारावी होऊन पुण्यास महाविद्यालयांत निघाली आणि तिच्यासाठीं लॅपटॉप घ्यावयाची वेळ आली, म्हणजे हा चोखंदळपणा कोठें जातो कोण जाणे! पडदा केवढा, रंग कोणता, पिशवी फुकट मिळेल काय, एवढें विचारून पैसे मोजले जातात. पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांतही याहून निराळें चित्र दिसतें असें नाहीं. यंत्राच्या माहितीपत्रकांत बारीक अक्षरांनीं एक ओळ छापलेली असते, ती कोणी वाचीत नाहीं. आणि ती ओळ म्हणजेच त्या यंत्राचा दात होय.

बाजारांतील बहुतेक लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे यंत्राचा सारा कारभार पाहणारी प्रणाली, आधींच भरलेली असते. विंडोज ११ ही ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं प्रसिद्ध झाली. घरगुती गिऱ्हाइकाचा संबंध येतो तो तिच्या दोन आवृत्त्यांशीं : होम आणि प्रो. होमची आणखी एक धाकटी बहीण आहे, तिचें नांव होम सिंगल लँग्वेज. भारतांत विकल्या जाणाऱ्या पुष्कळ लॅपटॉपांत हीच असते. तिघींच्या बांधणींत मूळचा भेद नाहीं. वाडा एकच; कोणास किती दालनांच्या किल्ल्या द्यावयाच्या, एवढाच प्रश्न.

दुकानदार बहुधा प्रोची शिफारस करतो. प्रोमध्यें अधिक काय मिळतें? दुसऱ्या ठिकाणीं बसून या यंत्राचा ताबा घेतां येतो. होममधून दुसऱ्या यंत्राकडे जातां येतें, पण होमकडे त्या वाटेनें कोणास येतां येत नाहीं. कचेरीच्या डोमेनमध्यें यंत्र सामील करतां येतें. यंत्राच्या पोटांत दुसरें मानीव यंत्र चालविणारी हायपर-व्ही ही सोय मिळते, आणि बिटलॉकर नांवाची, सर्व सांठवण कुलूपबंद करण्याची पूर्ण व्यवस्था हातीं येते. याशिवाय होम १२८ जीबी रॅम वापरूं शकते व प्रो २ टीबी. परंतु जिच्या लॅपटॉपांत ८ नाहीं तर १६ जीबी रॅम आहे त्या मुलीस हा भेद ऐकविणें म्हणजे मोटेपुढें धरणाची क्षमता वाचण्यासारखें आहे. एखाद्या सेवा सोसायटीचा हिशेबनीस, ज्याच्या यंत्रावर सभासदांचीं कर्जखातीं आहेत, त्यानें प्रो घ्यावी हें योग्य. विद्यार्थिनीस तिची निकड नाहीं. शिवाय होमवरून प्रोवर जाणें पुढें केव्हांही पैसे भरून साधतें, आणि त्यांत लिहून ठेवलेल्या मजकुरास धक्का लागत नाहीं. उलट दिशेनें यावयाचें तर सर्व पुन्हां नव्यानें भरावें लागतें.

खरी गोम आहे ती त्या ‘सिंगल लँग्वेज’ या दोन शब्दांत. यंत्र प्रथम चालू करतांना जी भाषा ठरते तीच पडद्याची भाषा. पुढें ती मराठी करावी असें मनांत आलें, तर सेटिंग्जमध्यें उत्तर मिळतें कीं या परवान्यांत एकच प्रदर्शन-भाषा बसते. साध्या होमला व प्रोला हा निर्बंध नाहीं. तेथें मराठीचा भाषासंच उतरवून घेतां येतो. तो इंग्रजीच्या पायावर उभा असल्यामुळें कांहीं कोपरे इंग्रजीच राहतात, ही गोष्ट निराळी. ज्या देशाच्या राज्यघटनेनें आठव्या अनुसूचींत २२ भाषा मोजल्या, त्याच देशांत एका भाषेची आवृत्ति खपावी, हा योग मोठा चमत्कारिक म्हटला पाहिजे.

यांत बिघडलें काय, असें कोणी विचारील. मुलीचें शिक्षण इंग्रजींतच चालणार, हें खरें. पण दिवाळीच्या सुटींत ती लॅपटॉप घेऊन दौंडमार्गें काष्टीस येते, तेव्हां तें यंत्र तिच्या एकटीचें राहत नाहीं. आई त्यावर बचत गटाची नोंद करूं पाहते, धाकटा भाऊ नकाशे उघडतो, वडील उसाच्या बिलाचा कागद शोधतात. अशा वेळीं ‘हें कायमचें पुसावयाचें काय?’ असा प्रश्न पडद्यावर उमटला आणि तो विचारणाऱ्याची भाषाच घरांत कोणास नीट कळली नाहीं, तर ‘होय’वर बोट पडावयास उशीर लागत नाहीं.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. मराठींत लिहिणें आणि यंत्रानें मराठींत बोलणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. इनस्क्रिप्ट व उच्चारानुसारी असे मराठी कळफलक तिन्हीं आवृत्त्यांत असतात, आणि युनिकोडमुळें तें लेखन सर्वत्र वाचतां येतें. ‘मराठी टायपिंग होतें ना’ एवढ्या उत्तरावर जो गिऱ्हाईक समाधान मानतो, त्यानें अर्धाच प्रश्न विचारलेला असतो.

परवान्याचा हा फास नको असेल त्यास दुसरी वाट आहे. कांहीं लॅपटॉप विंडोजशिवाय, नुसत्या फ्रीडॉसवर मिळतात व ते स्वस्त पडतात. त्यांवर उबुंटू ही लिनक्स-प्रणाली विनामूल्य बसवितां येते. तिची दीर्घ मुदतीची आवृत्ति दर दोन वर्षांनीं निघते आणि पांच वर्षें तिची डागडुजी होते. आपल्या सी-डॅक या संस्थेनेंही २००७ सालीं बॉस नांवाची लिनक्स भारतीय भाषांसाठीं काढली. मात्र घरांत टॅली वापरावयाची असेल किंवा श्रीलिपीवर छपाईचें काम चालत असेल, तर विंडोजवांचून अडतें. आणि फ्रीडॉसच्या यंत्रांत चोरीची विंडोज भरून देणारा दुकानदार भेटला, तर त्याच्या त्या उदारपणास दुरून नमस्कार करावा. कुलूप फोडणाऱ्या हत्याराबरोबर आणखी काय घरांत शिरतें, हें तोही सांगूं शकणार नाहीं. विंडोज १० चें जुनें यंत्र स्वस्तांत मिळत असेल तर तिचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला आहे, हें भाव ठरवितांना ध्यानांत असावें.

राहिली एक गोष्ट, आणि ती सर्वांत निकडीची. २०२४ मध्यें निघालेल्या २४एच२ या सुधारणेपासून, नवें यंत्र मायक्रोसॉफ्टच्या खात्यानें उघडलें कीं होममध्येंही सांठवण आपोआप कुलूपबंद होते. चोरापासून हें रक्षण उत्तमच. परंतु उद्यां मुख्य पाटी बदलावी लागली तर यंत्र ४८ आंकड्यांची किल्ली मागतें. ती किल्ली त्या खात्यांत ठेवलेली असते, आणि खातें दुकानांतील पोऱ्यानें घाईंत भलत्याच पत्त्यावर उघडलेलें असेल तर परवलीचा शब्द कोणासच ठाऊक नसतो. किल्ली नसेल तर आंतील निबंध, छायाचित्रें, हिशेब, सर्व गेलें. स्वतः कंपनीही तें उघडून देऊं शकत नाहीं.

म्हणून पैसे देण्यापूर्वीं दुकानांतच आवृत्तीचें नांव वाचून घ्यावें, आणि यंत्र प्रथम उघडतांना मुलीनें स्वतः जवळ बसावें. भाषेची यादी समोर येते तेव्हां तींत मराठी आहे कीं नाहीं हें पाहावें. सिंगल लँग्वेजमध्यें ती असेलच असें नाहीं. खातें तिच्याच नांवानें व तिच्याच मोबाइलच्या आंकड्यावर उघडावें. ते ४८ आंकडे एका कागदावर उतरून घरीं सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारीं ठेवावे, आणि एक प्रत तिच्याबरोबर पुण्यास द्यावी. लॅपटॉपच्या पिशवींत मात्र नव्हे.